खुब्याची कॅसेट

बुधवार पेठेत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. कॅसेटचे दिवस होते ते. लग्न, मुंज, बारसं, एकसष्टी, जे येईल ते मी घ्यायचो. वधूच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार, हार घालताना चित्र थांबवणं, मंगलाष्टकं चालू असताना वरून गुलाबाच्या पाकळ्या, असले सगळे प्रकार मला येत होते आणि लोकांनाही तेच हवे असायचे. लग्नसराईत गिऱ्हाईकं दुकानाबाहेर उभी राहायची.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आणखी एकाचं दुकान होतं. तोही कॅमेरावालाच, पण लग्नं घेत नसे. द्राक्षाची छाटणी कशी करावी, गाईला लस कशी टोचावी, कांदा चाळीत कसा भरावा, असल्या शेतीच्या फिल्मा तो करायचा. दुकानात एक पंखा आणि तो, बाकी कुणी नाही. आम्ही घरी त्याला ‘समोरचा’ म्हणायचो. म्हणजे मी ‘समोरचा’ म्हणायचो आणि बायको ‘समोरचे’. मला त्याची कीव यायची. पुढे या माणसाचा मी इतका हेवा करीन असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

तसा हेवा हा माझ्या स्वभावातच होता. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, चौकशीच्या टेबलावर. नंबर विचारायला फोन केलेला माणूस नंबर मिळाल्यावरही उगाच दोन वाक्यं जास्त बोलायचा, असा तिचा आवाज. “लिहून घेताय ना? पुन्हा सांगू?” हे ती अशा काही मायेनं विचारायची की पलीकडच्याला वाटावं, आपला नंबर सापडला नाही तर ही बाई आज जेवायची नाही. दिवसभर तो आवाज परक्यांना वाटून ती घरी यायची, तोवर तो संपलेला असायचा. घरी उरायचं ते ‘हं’, ‘बघू’ आणि ‘पानं घेतलीत’. एकदा मी गंमत म्हणून दुकानातून चौकशीला फोन लावला. नेमका तिनंच उचलला. ओळखलं नाही तोवर काय गोड बोलली! ओळखल्यावर म्हणाली, “काय आहे? लाइन अडवू नका.”

चाळिशी उलटली आणि तिचा उजवा खुबा दुखायला लागला. बसून बसून आखडला असेल म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग ती लंगडायला लागली. आम्ही सहकारनगरात पहिल्या मजल्यावर राहत होतो, तेवढा जिना चढताना ती मध्ये कठड्याला टेकून उभी राहायची आणि मी विचारलं की म्हणायची, “हवा खातेय.” शेवटी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्याच्या खोबणीत फिरतो, त्याला रक्त पोचत नव्हतं. झिजून तो चपटा झाला होता. सांधा बदलावा लागेल, ते म्हणाले. तेव्हा हे ऑपरेशन पुण्यात होत होतं, पण आमच्या ओळखीपाळखीत कुणाचंच झालेलं नव्हतं. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी घालून माणूस चालतो, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. ती म्हणाली, “घाला.”

ऑपरेशन चांगलं झालं. दोन-तीन दिवसांनी हॉस्पिटलच्या लोकांनी एका गाड्यावर टीव्ही आणि व्हीसीआर ढकलत तिच्या कॉटपाशी आणला. घरी गेल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं, याची कॅसेट होती. परदेशातली. एक गोरी आजी गालिचा घातलेल्या जिन्यावरून काठी घेऊन चढत होती, उतरत होती, उंच पलंगावर झोपत होती, आगबोटीएवढ्या मोटारीत बसत होती. सगळं इंग्रजीतून. डॉक्टर शेजारी उभे राहून मराठीत सांगत होते. माझं लक्ष प्रकाशयोजनेकडे होतं, ती चांगली होती. बायकोनं शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, “डॉक्टर, यात रिक्षा नाही.”

“रिक्षा?”

“मी घरी रिक्षानं जाणार. रिक्षात पाय न वाकवता बसायचं कसं? साडी नेसताना खाली पडलेला पदर उचलायचा कसा? आणि संडासाचं काय? आमच्याकडे खाली बसायचा आहे. या बाईंना तो प्रश्नच नाही.”

घाईत असलेले डॉक्टर थांबले. मोठ्यानं हसले. “तुम्ही आधी बऱ्या व्हा. मग आपण आपली कॅसेट काढू. तुम्हीच सांगा सगळं.”

बोलण्यावारी गेलं असं मला वाटलं. घरी आल्यावर आमच्यापुढे दुसरेच प्रश्न होते. खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. जमिनीवर, पाटावर, ठेंगण्या स्टुलावर बसायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. सुतारानं मध्ये भोक पाडून एक लाकडी खुर्ची करून दिली, ती संडासात मांडली. दुकान मी दुपारपर्यंत बंदच ठेवायला लागलो. ती वॉकर घेऊन चालायची आणि मी हात पसरून मागे मागे.

“मागे येऊ नका.”

“पडशील.”

“पडले की या. तोवर बाहेर बसा.”

मी रोज विचारायचो, दुखतंय का? नाही. भीती वाटते का? कशाची? काही नाही. एकदा म्हणाली, “संडासात भिंतीला एक दांडी ठोकून घ्या.” मी त्याच दिवशी माणूस बोलावून लोखंडी दांडी बसवून घेतली. ती ‘बरी झाली’ म्हणाली. मला वाटलं, सोय झाली.

पुढच्या तपासणीला ती काठीवर गेली. डॉक्टर खूश. आणि त्यांना कॅसेटची गोष्ट चक्क आठवत होती. म्हणाले, “पेशंट मला रोज तेच तेच विचारतात. मराठीत, आपल्या घरातलं, आपल्या जिन्यावरचं काहीतरी हवंय. कोण काढेल?”

“अहो, कोण म्हणजे?” मी म्हटलं. “घरचाच माणूस आहे.”

मी जीव ओतला त्या कॅसेटमध्ये. दुकानातले दोन्ही मोठे दिवे घरी आणले. बायकोला लग्नातली जांभळी साडी नेसायला लावली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथं फुलदाणी ठेवली. सुरुवातीला उगवता सूर्य, मागे सतार. ती पलंगावरून उठली, चालली, जिना चढली. झकास झालंय असं मला वाटत होतं. डॉक्टरांनी त्यांच्या खोलीत कॅसेट लावली आणि मध्येच बंद केली.

“चित्र फार सुंदर आहे,” ते म्हणाले.

या शहरात एवढं कौतुक झालं की पुढे ‘पण’ येतो, हे मला माहीत होतं. “पण काय?” मी विचारलं.

“पण बाई यात घाबरलेल्या दिसतात. उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाला मी हे दाखवलं तर तो पळून जाईल.” मग जरा अवघडून म्हणाले, “बुधवारातच एक गृहस्थ आहेत. माझ्या मेहुण्याच्या द्राक्षबागेत त्यांनी एक फिल्म केली होती. माळी बिचारा कसा सहज बोलतो त्यात! तुम्ही ओळखत असाल.”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “समोरचे का? चालेल की.”

तो ‘चालेल की’ मी घरी येईपर्यंत रिक्षात मनातल्या मनात किती वेळा ऐकला असेन. कशालाही ‘बघू’ म्हणणाऱ्या बाईनं इतक्या चटकन हो म्हणावं!

तो एका सकाळी आला. खांद्याला एक पिशवी, हातात तिपाई. दिवे नाहीत. आल्यावर चहा घेतला, खिडकीतून उजेड कुठून येतो ते बघत बसला. मी त्याला चांगल्या जागा दाखवायला लागलो तर नुसती मान हलवायचा. मग त्यानं बायकोला विचारलं, “सकाळी जाग आल्यावर पहिलं काय करता?”

“पडल्या पडल्या पायाचे घोटे वर-खाली करते.”

“करा.”

तिच्या अंगावर रोजची सुती साडी होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दुधाच्या खुणा. मी म्हटलं, निदान ते काढू या. तो म्हणाला, “असू दे.” आणि पिशवीतून थर्मोकोलचा एक मोठा पांढरा तुकडा काढून माझ्या हातात दिला. “खिडकीचा उजेड जरा त्यांच्या चेहऱ्यावर टाकता का?”

माझं घर, माझी बायको, धंदाही माझाच, आणि मी थर्मोकोल धरून उभा.

ती बोलायला लागली. तोच आवाज. टेबलावरचा. “घाई करायची नाही. आधी ऑपरेशनचा पाय पलंगाच्या कडेशी सरकवायचा. तो सरळच ठेवायचा. आता हातांवर भार देऊन उठायचं.” कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणी अनोळखी पेशंट बसलाय आणि ती त्याच्याशी एकट्याशी बोलतेय, असं वाटत होतं. माझ्या कॅसेटमध्ये तीच वाक्यं तिनं पाठ केल्यासारखी म्हटली होती.

मग जिना झाला. चढताना आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा, मग काठी. उतरताना आधी काठी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. नंतर आम्ही कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर गेलो. तिनं सीटवर एक जाड उशी ठेवायला लावली, रिक्षाकडे पाठ केली, दांडी धरून आधी मागे टेकत बसली आणि पाय तसाच लांब ठेवून सावकाश आत घ्यायला लागली. रिक्षावाल्याला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. त्यानं मागे वळून विचारलं, “मावशी, मीटर टाकू का?”

“थांब रे बाबा, आधी पाय तर टाकू दे!”

आणि ती हसली. खुबा दुखायला लागल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिलेली नव्हती. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसायला हवं होतं. माझ्या मनात एकच आलं, हे त्याच्या कॅमेऱ्यात गेलं.

घरी परतल्यावर त्यानं तिला खिडकीपाशी उंच खुर्चीत बसवलं. तिपाई लावली आणि विचारलं, “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?”

मी थर्मोकोलच्या मागून मनात म्हटलं, विचार, विचार. ‘काही नाही’ म्हणेल.

ती गप्प बसली. कॅमेरा चालूच होता. माझ्यासारख्यानं एव्हाना तीनदा प्रश्न बदलला असता. तो नुसता उभा होता. मग ती म्हणाली, “संडासाची.”

तो गप्पच.

“दार लावून आत एकटीनं जायचं. खुर्चीवरून उठताना हाताला धरायला काही नसायचं. वाटायचं, आता उठताना सांधा निसटला तर? या अवस्थेत लोक दार तोडून मला बाहेर काढणार. हे दाराबाहेरच उभे असायचे, मला ठाऊक होतं. पण हाक मारायची लाज वाटायची. मग नळ सोडायचे आणि रडून घ्यायचे.” तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा तो चौकशीचा आवाज लावला. “म्हणून सांगते, हॉस्पिटलमधून घरी जायच्या आधीच भिंतीला दांडी ठोकून घ्या. मी नंतर ठोकून घेतली. चूक केली.”

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड थरथरायला लागला. समोरचा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “जरा स्थिर धरा.”

डॉक्टरांना कॅसेट इतकी आवडली की त्यांना तिच्या बऱ्याच प्रती हव्या झाल्या. स्वतःकडे राहिल्या असत्या, ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांनाही दिल्या असत्या. समोरच्याकडे प्रती काढायला पुरेशी यंत्रंच नव्हती. तो रस्ता ओलांडून मूळ कॅसेट घेऊन माझ्या दुकानात आला. “तुमच्याकडे व्हीसीआर जास्त आहेत. काढून द्याल?” त्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं, हे मला जास्त लागलं. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

कॅसेटची प्रत काढायची तर ती अख्खी चालू द्यावी लागे. चित्र नीट उतरतंय ना, हे बघायला टीव्हीही चालू ठेवावा लागे. त्यामुळे मी बायकोला रोज दुकानात रिक्षात बसताना पाहिली, हसताना पाहिली, नळाची गोष्ट सांगताना पाहिली. तिचं वाक्य सुरू व्हायच्या आधी कुठं श्वास घेते, ते मला पाठ झालं. लग्नाची कॅसेट न्यायला आलेलं एक जोडपं विचारायला लागलं, “हे कुणाचं शूटिंग हो? छान आहे.”

“समोरच्याचं,” मी म्हटलं आणि त्यांची कॅसेट त्यांच्या हातात कोंबली.

मग घरी फोन यायला लागले. पेशंटना आणखी काही विचारायचं असेल तर विचारू द्या, असं तिनंच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी आम्ही चहा घ्यायला बसलो की घंटी वाजायची. “हं, बोला. नाही, नाही, घाबरू नका. काठी कुठल्या हातात धरताय? ऑपरेशन डावीकडचं ना, मग काठी उजव्या हातात. करून बघा, मी थांबते.” आणि ती खरंच थांबायची, फोन कानाला लावून, पलीकडचा माणूस खोलीत फेरी मारून येईपर्यंत. एक निवृत्त मामलेदार तर रोज फोन करायचे. त्यांच्या पत्नी मागेच वारल्या होत्या. आज देवघरापर्यंत गेलो, आज गॅलरीत गेलो, असं ते तिला सांगायचे आणि ती त्यांना ‘शाब्बास’ म्हणायची. मला कधी तिनं शाब्बास म्हटल्याचं स्मरत नाही. वॉकर धरून चालणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाचा मी हेवा करत होतो. हे हास्यास्पद आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

एका संध्याकाळी मामलेदारांचा फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहून मटार सोलायला लागली आणि माझा तोल गेला.

“त्या माणसाला सांगितलंस.”

“कुणाला? मामलेदारांना?”

“समोरच्याला. संडासातलं. मी रोज विचारत होतो. रोज! मला ‘काही नाही’ म्हणालीस आणि त्यानं एकदा विचारलं तर सगळं सांगून मोकळी झालीस. कॅमेऱ्यासमोर. आता अख्ख्या पुण्याला माहीत आहे, एक मीच तेवढा दाराबाहेर उभा.”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “विचारत होतात, खरं आहे. पण विचारताना तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते तुम्ही बघितलं नाही. मी ‘हो, भीती वाटते’ म्हटलं असतं तर तुम्हीच मटकन खाली बसला असतात. मग तुम्हाला कोण उठवणार? मला तर वाकायला बंदी होती.”

“आणि त्याच्यापुढे?”

“त्यांचं काय जातंय? मी पडले असते तरी त्यांनी आधी तिपाई सरळ केली असती.” हे म्हणताना तिला हसू आलं. मला नाही आलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग नेहमीपेक्षा हळू म्हणाली, “तुम्ही भिता ना, ते मला दिसतं. ते बघून मला चालता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी माझ्या उगवत्या सूर्याच्या फिल्मची मूळ कॅसेट काढून लावली. सतार नंतर मिसळली होती, त्यामुळे हिच्यावर खोलीतले आवाज तसेच होते. ती पलंगावरून उठते आणि मागून माझा आवाज, “सावकाश.” ती पाऊल टाकते, “जपून, जपून.” जिन्याशी येते, “पडशील हं. हास जरा. इकडे बघ. पडशील.” अख्ख्या कॅसेटभर मीच बोलत होतो. ती एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, आवाज येईल तिकडे बघत होती, आणि आता हे काय म्हणणार या धास्तीनं, डॉक्टरांनी ओळखला होता तोच घाबरा चेहरा करत होती. मी ती शेवटपर्यंत पाहिली. उठून व्हीसीआर बंद केला आणि समोरच्याची मूळ कॅसेट घेऊन रस्ता ओलांडला.

तो पंख्याखाली निवांत वर्तमानपत्र वाचत होता. मी कॅसेट टेबलावर ठेवली.

“एक विचारू? तिला बोलतं कसं केलंत?”

त्यानं चष्मा काढला. खरंच विचार करतोय असं वाटलं. “काही केलं नाही. विचारलं आणि गप्प राहिलो.”

“एवढंच?”

“गाईचं चित्रण करतानाही तेवढंच करावं लागतं. आपण हललो की ती बुजते.”

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिला राग येईल अशी मला अंधुक आशा होती. ती इतकी हसली की तिला काठी शोधून टेकावं लागलं. म्हणजे या वेळीही त्याच्यामुळेच हसली.

मध्ये बरीच वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. लग्नाचे फोटो लोक स्वतःच फोनवर काढायला लागले. समोरच्यानं दुकान विकलं आणि तो मुलीकडे नाशिकला गेला; त्याच्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मीही नंतर दुकान भाड्यानं दिलं. बायको निवृत्त झाली. उजवा खुबा छान चालला, मग डावा कुरकुरायला लागला. तेच डॉक्टर, केस पांढरे झालेले. या वेळी ऑपरेशन पेशंटला दुसऱ्याच दिवशी चालवण्याइतकं सोपं झालं होतं. तपासणीला गेलो तेव्हा ते म्हणाले, “आता तुमचा नवा व्हिडिओ हवा. पेशंटच्या फोनवर पाठवता येईल असा. जुन्याचं चित्र पार पुसट झालंय.”

बायको म्हणाली, “समोरच्यांना विचारा.”

इतक्या वर्षांनीसुद्धा! मी म्हटलं, “ते नाशिकला असतात.”

“मग फोन करा.”

मी केला. मलाच करावा लागला. त्यानं आवाज ओळखला, तिची चौकशी केली, दुसरा खुबाही झाला हे ऐकून ‘वा’ म्हणाला. मग म्हणाला, “मला आता बारीक दिसत नाही हो. तुम्ही आहात की.”

तेव्हा मी काढला. फोनवरच. दिवे नाहीत, सतार नाही. भिंतीवरचं कॅलेंडर होतं तसं ठेवलं. जिन्याच्या वळणावर ती कठडा सोडून उभी राहिली तेव्हा ‘पडशील’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी आला होता. ओठ आवळून मी तो गिळला. ती चढून वर आली आणि श्वास घेत म्हणाली, “आज बरे गप्प आहात.”

शेवटी तिला खिडकीपाशी बसवलं. दुसरं काही सुचेना, म्हणून तोच प्रश्न विचारला. “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?”

“ते मागे सांगून झालंय,” ती म्हणाली. “त्यांना.”

झोंबलं. पण फोन मी खाली घेतला नाही आणि बोललोही नाही. हाताला कळ लागली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होऊन निघून गेली. ती खिडकीबाहेर बघत होती.

“दुसऱ्या खेपेला सोपं गेलं,” मग ती म्हणाली, “ते डॉक्टरांमुळे तर आहेच. पण या खेपेला मी हाक मारली. आतून. पहिल्याच दिवशी. हे आले आणि मला उठवलं. त्यात काय एवढं, असं वाटलं नंतर. तर तुम्हीही मारा. घरातलं माणूस तेवढ्यासाठीच असतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “झालं ना? बंद करा. कुकर लावायचाय.”

डॉक्टरांना तो पसंत पडला. या वेळी ‘पण’ आला नाही. मी तो फोनवर घरी पुन्हा पुन्हा पाहिला आणि ती नसताना तर आणखीच पाहिला.

पुढे काठी सुटल्यावर आम्ही मंडईत गेलो होतो. भाजी आणायचं निमित्त. खरं म्हणजे ती चालू शकते हे तिला बघायचं होतं. गाळ्यांच्या मधल्या वाटेत एक बाई तिच्यासमोर थबकल्या. “तुम्ही त्या खुब्याच्या कॅसेटमधल्या ना? माझ्या सासूबाईंना आम्ही तीच दाखवली होती. तुमचं ऐकून चालायला लागल्या.”

“आता नवा व्हिडिओ आलाय,” बायको म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. “यांनी काढलाय.”

“हो का?” बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली, मान डोलावली आणि लगेच पुन्हा तिच्याकडे वळल्या. “पण त्या जुन्यातलं ते रिक्षाचं काय छान होतं हो! आम्ही घरात सगळे हसलो होतो.”

बायकोचा चेहरा फुलला. “अहो, तो रिक्षावाला ना...” ती सांगायला लागली. मी पिशवी उचलून मेथीच्या ढिगापाशी गेलो. एक जुडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

“किती देऊ, काका?” भाजीवालीनं विचारलं.

“दोन दे,” मी म्हटलं. “पण सावकाश निवडून दे. त्यांचं अजून बराच वेळ चालेल.”